न्यूट्रॉन ताऱ्यावर दर काही तासांनी भडका का उडतो

नवरात्रात पाऊस उघडला की संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला कासच्या बाजूला किंवा दंडोबाच्या डोंगरावर जाऊन दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा. क्षितिजापासून साधारण ४० अंश वर, जरा नैऋत्येला कललेली धनू रास दिसते. तिच्यातल्या पूर्वाषाढा नक्षत्रात डेल्टा सॅजिटॅरी नावाचा तारा आहे, नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारा. त्याच्या आग्नेयेला, चंद्रबिंबाच्या दीडपट अंतरावर, लहान दुर्बिणीतून कापसाच्या बोंडासारखा एक अंधूक ठिपका सापडतो. हा एनजीसी ६६२४, गोलाकार तारकागुच्छ. सप्टेंबर १९७५मध्ये नेदरलँड्सच्या एएनएस या उपग्रहाने त्याच्या दिशेने आलेला क्ष-किरणांचा भडका टिपला. सेकंदाच्या आत उसळला आणि काही सेकंदांत ओसरला. जोनाथन ग्रिंडले, जॉन हाइझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढच्या वर्षी प्रसिद्ध केला.

त्या गुच्छात भडकणारी जोडी आहे ४यू १८२०-३०. नाव म्हणजे आकाशातल्या रेखांश-अक्षांशांचा पत्ताच: विषुवांश १८ तास २० मिनिटं, क्रांती उणे ३० अंश. एक न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला गच्च गाभा, आणि त्याच्याभोवती अवघ्या ११.४ मिनिटांत फेरी मारणारा, हेलियमचा छोटा श्वेतबटू, म्हणजे लहान ताऱ्याचा विझत आलेला गाभा. आपल्या आकाशगंगेत असे भडकणारे न्यूट्रॉन तारे आता शंभराहून जास्त माहीत आहेत. भडका साधारण १ ते १० सेकंदांत शिखर गाठतो, १० ते १०० सेकंदांत उतरतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी पुन्हा येतो. एका भडक्यात १०चा ३२वा ते ३३वा घात एवढे ज्यूल बाहेर पडतात. तेवढी ऊर्जा द्यायला आपल्या सूर्याला तीन दिवस ते महिना लागतो.

यात तारा फुटत नाही. पाच तासांनी तोच तारा पुन्हा भडकतो, यावरूनच ते कळतं. मग जळतं काय, आणि सतत न जळता थांबून थांबून का जळतं? याचं उत्तर बरंचसं जमाखर्चाचं आहे.

माल किती येतो

न्यूट्रॉन ताऱ्यात सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान असतं आणि व्यास २० ते २५ किलोमीटर, म्हणजे साताऱ्याहून कासला जाण्याएवढा. पृष्ठभागाचं क्षेत्रफळ साधारण १,२५० चौरस किलोमीटर. जत तालुका याहून मोठा आहे. गुरुत्वाकर्षण मात्र पृथ्वीच्या सुमारे २० हजार कोटी पट.

शेजारचा हलका तारा इतका जवळ असतो की त्याचा वरचा वायू न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओढला जातो. तो सरळ येऊन आदळत नाही. आधी चकतीत फिरतो, घासून तापतो आणि हळूहळू आत सरकत पृष्ठभागावर उतरतो. ठरावीक उदाहरण घेऊ: वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा एक अब्जांश भाग. ऐकायला किरकोळ वाटतं. सेकंदाचा हिशेब केला तर ६,३०० कोटी टन होतात. कोयना धरण १०५ टीएमसीला भरतं, म्हणजे अंदाजे २९७ कोटी टन पाणी. तेव्हा त्या जत तालुक्याहून लहान पृष्ठभागावर दर सेकंदाला काठोकाठ भरलेल्या २१ कोयना उतरत असतात.

हा माल पसरतो आणि साचतो. (ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र कमकुवत असेल तरच. ते जबरदस्त असेल तर सगळा माल ध्रुवांवर कोंबला जातो आणि असे भडके होत नाहीत.) थर तीनेक मीटर जाडीचा झाला की पेट घेतो. तीन मीटर म्हणजे घराच्या छताएवढी उंची, पण घनता अशी की एका चौरस सेंटिमीटरवर, बोटाच्या नखाएवढ्या जागेवर, १०० टन वस्तुमान उभं असतं. दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर वीसेक टन नेतो असं धरलं, तर नखावर पाच ट्रॅक्टर ऊस. सगळ्या ताऱ्यावरचा थर मिळून सव्वाचार लाख कोयना भरतात. आवक सेकंदाला २१. भागाकार केला की २०,००० सेकंद, साडेपाच तास येतात. आणि बऱ्याच ताऱ्यांच्या दोन भडक्यांतलं अंतर खरोखरच काही तासांचंच असतं.

पडण्याचे दोनशे, जळण्याचे पाच

वरून येणारा माल प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त वेगाने खाली यायला बघतो. त्या पडण्यातून अणुकेंद्रातल्या प्रत्येक कणामागे, म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे, सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते. तोच माल नंतर जळतो तेव्हा निव्वळ हेलियमचे कणामागे १.६ दशलक्ष मिळतात, हायड्रोजन मिसळलेला असेल तर चार-पाच. म्हणजे मोठी कमाई पडण्यातच होऊन जाते. तारा क्ष-किरणांत एरवी जो सतत चमकतो, तो याच कमाईवर.

भडका तरीही उठून दिसतो, कारण पाच तासांची शिल्लक शंभर सेकंदांत उधळली जाते.

यातून एक फार उपयोगी आकडा मिळतो. दोन भडक्यांच्या मधल्या काळातली सततची एकूण ऊर्जा भागिले भडक्यातली ऊर्जा. याला अल्फा म्हणतात. अल्फा ४०च्या आसपास असला तर इंधनात हायड्रोजन भरपूर आहे. शंभराच्या वर गेला तर जळलं ते बहुतेक हेलियम. ताऱ्याचं अंतर माहीत नसलं तरी चालतं, कारण भागाकारात ते कटून जातं. निरीक्षकाच्या हातातलं सगळ्यात स्वस्त आणि मस्त हत्यार आम्ही यालाच म्हणू.

तारा का फुटत नाही, हेही याच हिशेबात आहे. कणाला निसटायला दोनशे लागतात आणि जळून मिळतात फार तर पाच, म्हणून जवळजवळ सगळी राख तिथंच बसून राहते. श्वेतबटूवर असाच थर पेटतो तेव्हा त्याला नोव्हा म्हणतात. तिथं गुरुत्वाकर्षण त्या मानाने दुबळं, त्यामुळे वरचा थर उडून जातो.

कृष्णविवरावरही माल पडतो, चकती असते, चमकही असते. पण असा भडका कृष्णविवर कधीच देत नाही. माल साचायला पृष्ठभाग लागतो आणि कृष्णविवराला तो नसतो. म्हणून एखाद्या अनोळखी जोडीत असा एक जरी भडका दिसला, तरी आतला दादला न्यूट्रॉन तारा आहे हे पक्कं होतं.

गंजी आतून पेटते तशी

कडबा नीट वाळायच्या आत गंजी रचली तर ती आतून तापते. साखर कारखान्याच्या आवारातल्या बगॅसच्या ढिगांचंही तेच. आत उष्णता तयार होते, बाहेर जायला वाट कमी, आणि तापल्यावर आतली क्रिया आणखी जोर धरते. एका मर्यादेपर्यंत ढीग नुसता गरम राहतो. ती ओलांडली की पेटतो.

ताऱ्यावरच्या थरात ही मर्यादा कुठं येते, हे आकड्यांत बघता येतं. हेलियमची तीन अणुकेंद्रं जुळून कार्बन होतो, ती क्रिया तापमानाला कमालीची हळवी आहे. २० कोटी अंशांच्या आसपास तिचा वेग तापमानाच्या १९व्या घाताप्रमाणे वाढतो. उष्णता बाहेर जाण्याचा वेग चौथ्या घाताप्रमाणे. आता थर काही कारणाने १० टक्के जास्त तापला असं समजा. १.१चा १९वा घात ६.१, चौथा घात १.४६. उष्णतेची आवक सहा पट झाली, जावक दीड पटही नाही. थर अजून तापतो, आवक अजून वाढते. काही क्षणांत आतलं तापमान १०० कोटी अंशांच्या पुढे जातं.

इथं एक रास्त शंका येते. सूर्याच्या पोटातही हायड्रोजन जळतो, मग तो का भडकत नाही? सूर्याचा गाभा जरा जास्त तापला तर फुगतो, फुगला की वरचं ओझं हलकं होतं, दाब उतरतो आणि गाभा थंड होतो. ती सोय तीन मीटरच्या थरात नाही. थर तापून सहा मीटरांचा झाला तरी दहा किलोमीटर त्रिज्येपुढे ते काहीच नाही. वरचं वजन तेवढंच, दाब तेवढाच. ढील मिळत नाही.

गंमत अशी की आवक खूप वाढली तर भडके थांबतात. पडणाऱ्या मालाने थर कायमच इतका गरम राहतो की हेलियम येईल तसं जळत जातं, शिल्लक पडतच नाही. गणितानुसार हे व्हायला प्रचंड आवक लागते. प्रत्यक्षात भडके त्याच्या बरेच आधी विरळ होऊ लागतात. हा मेळ अजून पुरता बसलेला नाही.

मिरज जंक्शन

हायड्रोजनची चाल वेगळी. तो कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या चक्रातून जळतो आणि त्या चक्रात दोन सक्तीचे थांबे आहेत: ऑक्सिजन-१४, अर्धायुष्य सुमारे ७१ सेकंद, आणि ऑक्सिजन-१५, १२२ सेकंद. हे किरणोत्सारी क्षय तापमानाला जुमानत नाहीत. मिरज जंक्शनच्या आधी गाडीने कितीही वेग घेतला तरी सिग्नल पडेपर्यंत ती उभीच. तसं थर कितीही तापला तरी हायड्रोजन ठरल्या गतीनेच जळतो. सूर्यासारखी घडण असलेला माल असेल तर त्यातला हायड्रोजन संपायला साधारण ११ तास लागतात.

यावरून भडक्याचा चेहरा ठरतो. पेट घेण्याएवढा थर ११ तासांच्या आत साचला तर हायड्रोजन अजून शिल्लक असतो. हेलियम पेटतं, तापमान चढतं आणि नव्या जड अणुकेंद्रांवर प्रोटॉन एकामागून एक चिकटत जातात. जर्मेनियम-६४, सेलेनियम-६८, क्रिप्टॉन-७२ असे पुन्हा थांबे लागतात, आणि त्या थांब्यांमुळे भडका लांबतो. शेपूट १०० सेकंदांपर्यंत जातं. आवक मंद असली तर पेटायच्या आधीच तळाचा हायड्रोजन संपलेला असतो. मग नुसतं हेलियम उडतं: झटक्यात चढ, दहाएक सेकंदांत उतार. १८२०-३०मध्ये तर शेजाऱ्याकडून येतं तेच हेलियम, त्यामुळे तिथले भडके आखूड आणि जोरकस.

पहिल्या जातीचा आदर्श नमुना म्हणजे जीएस १८२६-२४. घड्याळ लावावं असा होता. १९९७-९८मध्ये त्याचे भडके ५.७४ तासांनी येत होते. २०००पर्यंत त्याची सततची चमक, म्हणजे मालाची आवक, ३६ टक्क्यांनी वाढली. दर वेळी तेवढाच थर लागत असेल तर नवं अंतर ५.७४ भागिले १.३६, म्हणजे ४.२२ तास यायला हवं. मोजलेलं आलं ४.१०. जुलै २००२मध्ये ते ३.५६वर आलं होतं. हजारो प्रकाशवर्षांवरच्या वजनकाट्याने एवढा मेळ दाखवावा, हे मानलं पाहिजे.

राखेत थोडा कार्बनही उरतो. तो वर्षानुवर्षं खोल गाडला जाऊन कधीतरी पेटतो, तेव्हा तासन्तास चालणारा, नेहमीच्या हजारपट ऊर्जेचा महास्फोट होतो. त्यानंतर काही आठवडे नेहमीचे भडके बंद पडतात.

काहील उतू जाते तेव्हा

गुऱ्हाळात रस उकळताना काहिलीत फेस एकदम वर चढतो. खालून वाफ रेटते, वरचा थर उचलला जातो. जोरदार भडक्यातही असंच घडतं, फक्त वाफेच्या जागी प्रकाश असतो. प्रकाशाचा बाहेरचा रेटा आणि आतली ओढ यांची बरोबरी झाली, की त्यापुढची जास्तीची ऊर्जा वातावरण वर उचलण्यात खर्ची पडते. हेलियमच्या थरासाठी ही मर्यादा ३.८ गुणिले १०चा ३१वा घात वॉट, म्हणजे जवळपास एक लाख सूर्य.

त्या काही सेकंदांत ताऱ्याची त्रिज्या दहा किलोमीटरच्या अनेक पट होते, कधी शंभर किलोमीटरच्याही पुढे जाते. एकूण चमक तेवढीच राहते, फक्त पृष्ठ मोठं झाल्याने तापमान उतरतं. मग फेस खाली बसतो, आणि बसतो त्या क्षणी तापमान पुन्हा शिखरावर असतं, सुमारे अडीच कोटी अंश.

मर्यादा माहीत आहे म्हणजे दिव्याचे वॉट माहीत आहेत. आता अंतर काढता येतं. समजा शिखरावर आपल्या उपकरणाशी दर चौरस मीटरला ५ गुणिले १०चा उणे ११वा घात वॉट पोचले. ३.८ गुणिले १०चा ३१वा घात याला ४π गुणिले या आकड्याने भागा, वर्गमूळ काढा: २.४६ गुणिले १०चा २०वा घात मीटर, म्हणजे २६,००० प्रकाशवर्षं. पण इंधनात हायड्रोजन असेल तर मर्यादा १.७ पटीने खाली येते आणि तोच तारा २०,००० प्रकाशवर्षांवर ठरतो. म्हणून आधी अल्फा काढायचा, मग अंतर. उलट क्रम केला की फसगत ठरलेली.

डेटा हातात घेतल्यावर

भारताचा ॲस्ट्रोसॅट हा खगोल-उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी पीएसएलव्ही-सी३०वरून गेला. त्यावरचं लॅक्सपीसी हे झेनॉन वायूने भरलेलं, क्ष-किरण मोजणारं उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालं. ३ ते ८० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट हा त्याचा पट्टा. राखीव मुदत संपलेली निरीक्षणं इस्रोच्या संग्रहातून कुणालाही उतरवून घेता येतात. सातारा-सांगलीतल्या एमएस्सीच्या मुलांना प्रकल्पासाठी लॅपटॉप आणि चिकाटी असली की पुरे. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत यासाठी मदत कक्षही आहे.

तीन लॅक्सपीसींपैकी २० क्रमांकाचा घ्या. ३०मधून वायू गळाला आणि २०१८मध्ये तो बंद केला गेला. १०ची मोजणी स्थिर राहिली नाही. आधी एक-एक सेकंदाच्या मापाने आलेख काढा. भडका असेल तर डोळ्यांना दिसतोच. मग ०.१ सेकंदाच्या मापाने चढ बघा आणि ३ ते ६ व १२ ते २० किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट असे दोन पट्टे वेगळे काढा. वरच्या पट्ट्यातला उतार लवकर संपला तर थर थंड होतोय, म्हणजे अणुभडका खरा. दोन्ही पट्टे सारखेच उतरले तर सावध व्हा. १९७६मध्ये सापडलेल्या 'रॅपिड बर्स्टर'सारखे काही स्रोत चकतीतला मालच थांबून थांबून सोडतात. तिथं धरणाच्या दरवाजांचा न्याय चालतो: मोठा विसर्ग झाला की पुढच्यासाठी जास्त वाट बघावी लागते.

त्यानंतर भडक्याआधीचे १०० सेकंद पार्श्वभूमी म्हणून वजा करायचे, शिखराशी अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे आणि शेपटात दोन ते पाच सेकंदांचे तुकडे पाडायचे, आणि प्रत्येकाला कृष्णिकेचा, म्हणजे केवळ तापमानावर ठरणारा, वर्णपट बसवून तापमान आणि त्रिज्या काढायची.

इथं चार ठिकाणी हमखास पाय घसरतो. पहिलं, त्रिज्या पाच-सहा किलोमीटर येते आणि मुलं घाबरतात. ताऱ्याच्या वातावरणात प्रकाश विखुरल्यामुळे वर्णपट खऱ्यापेक्षा १.४ ते १.७ पट गरम भासतो, आणि त्रिज्या तापमानाच्या वर्गाच्या व्यस्तात जाते. १.५ धरून सव्वादोनने गुणलं की अकरा ते तेरा किलोमीटर येतात. दुसरं, मृतकाळ. एक कण मोजल्यावर लॅक्सपीसी सुमारे ४२ मायक्रोसेकंद आंधळा असतो. सेकंदाला ५,००० मोजले तर २१ टक्के वेळ आंधळेपणात गेला. खरा आकडा ६,३००. ही दुरुस्ती विसरली तर शिखर बोथट होतं, आणि मघाचा २६,००० प्रकाशवर्षांवरचा तारा २९,०००वर ढकलला जातो. तिसरं, वातावरण फार फुगलं तर तापमान उपकरणाच्या पट्ट्याखाली घसरतं आणि आलेखात मधे खड्डा पडतो. ते दोन भडके म्हणून मोजू नका. खड्ड्याच्या दोन्ही काठांवरची त्रिज्या बघा.

चौथं सगळ्यात फसवं. ॲस्ट्रोसॅट सुमारे ९८ मिनिटांत पृथ्वीभोवती फिरतो आणि प्रत्येक फेरीत काही काळ पृथ्वीच आड येते. १८२६चे ५.७४ तास म्हणजे ३४४ मिनिटं, साडेतीन फेऱ्या. एक भडका समोर असताना झाला तर पुढचा फेरीच्या नेमक्या उलट बाजूला, बहुधा पृथ्वीआड. अशा ताऱ्याचा एकाआड एक भडकाच हाती लागेल, अंतर साडेअकरा तास भासेल आणि अल्फा ४०च्या जागी ८० येईल, जणू हायड्रोजन बराच कमी आहे. पण शेपूट १०० सेकंदांचंच असेल, आणि एवढं शेपूट हायड्रोजनाशिवाय येत नाही. अल्फा एक सांगतोय आणि शेपूट दुसरं, असं दिसलं की अंतर निम्मं करून हिशेब पुन्हा मांडा.